कोरड्या नदीचा पूर

"आज घरात रशियाचं नाव निघालं नाई पाह्यजे," गुणाकररावांनी सकाळी दाढी करता करता बजावलं. सांगणं बायकोला, कालिंदीला होतं, पण आवाज असा लावला होता की मागच्या खोलीत साड्यांना इस्त्री करणाऱ्या मुलीला, अलकनंदेलाही ऐकू जावं. "कोणी विषय काढलाच तं आपण आंब्याचा काढायचा. नाई तं पावसाचा."

"हौ," कालिंदी म्हणाली.

महिना होऊन गेला तरी ते नाव काही घरातून हलत नव्हतं. नागपूरचा पेपर दुपारी येई. गुणाकरराव तो आधी स्वतः वाचत आणि मग घडी घालून कपाटावर ठेवत. कलेक्टर कचेरीत हेडक्लार्क म्हणून सगळी नोकरी झाली होती, नको असलेला कागद उंच ठेवायची त्यांना सवयच होती. पण रेडिओला घडी घालता येत नव्हती. तिकडे अणुभट्टी फुटली होती, एक अख्खं शहर बसमध्ये बसवून हलवलं होतं, आणि आभाळातून जे पडत होतं ते डोळ्यांना दिसत नव्हतं. बालाघाटच्या बाजारात ज्या बायांनी रशिया नकाशातसुद्धा पाहिला नव्हता, त्या भेंडी निवडता निवडता कालिंदीला विचारत, "तुमचा नंदकिशोर तश्याच कारखान्यात हाये ना वो बाई?" नंदकिशोरला दूरच्या अणुवीज केंद्रात नोकरी लागली तेव्हाही त्यांनी अगदी हेच विचारलं होतं. तेव्हा त्यात हेवा होता आणि आख्ख्या गल्लीनं पेढे खाल्ले होते. आता त्याच शब्दांनंतर बाया गप्प होत आणि भेंडी जरा जास्तच वेळ निवडत बसत.

किरनापूरच्या मोतीलालभाऊंची साधना नंदकिशोरला सांगून आली ती फाल्गुनात, रशियाच्या आधी. मुलगी बालाघाटलाच बी.ए. झालेली. बघणं झालं, पसंती झाली, आज साखरपुडा. भोपाळहून गुणाकररावांचे धाकटे भाऊ मधुकर आणि त्यांची बायको प्रेमलता कालच आले होते. मधुकर मंत्रालयात होते. घरात कसलाही पेच पडला की शेवटचा शब्द त्यांचा, असं गुणाकररावांनीच ठरवून टाकलं होतं. प्रेमलता आल्या आल्या खिडकीजवळची खुर्ची धरून बसली. भोपाळच्या गॅसच्या त्या रात्रीपासून तिला चार पावलांत धाप लागे. तिला खोकला आला की घरातली माणसं बोलणं मध्येच थांबवत आणि तो ओसरला की तिथूनच पुढे सुरू करत. त्याची सगळ्यांना सवय झाली होती.

नंदकिशोरही कालच नॅरोगेजच्या छोट्या रेल्वेगाडीनं उतरला होता. कालिंदीनं दार उघडलं आणि तिच्या मनात पहिलं आलं ते हे, की याचा सदरा कोणा दुसऱ्याचा असावा. इतका तो अंगावर लोंबत होता.

"मेसचं खाऊन असाच होशीन," ती म्हणाली.

"मेस बरी आहे, आई."

"मंग?"

"काम बदललं. आता स्टोअरमध्ये असतो मी. सामानाचं काम."

गुणाकररावांचा चेहरा उजळला. "हे बेस झालं! हे मोतीलालजीले सांगता येते."

नंदकिशोरनं वडिलांकडे पाहिलं, काहीतरी बोलावंसं त्याच्या ओठांवर आलं, आणि तो हात-पाय धुवायला मागच्या अंगणात निघून गेला.

मोतीलालभाऊंची जीप साडेदहाच्या सुमारास फाटकाशी लागली. मोतीलालभाऊ, त्यांची बायको, साधना आणि दोघं-चौघं नातेवाईक. बैठकीत पाण्याचे पेले फिरले, चहा झाला. गुणाकररावांनी आंब्याचा विषय काढला, मग पावसाचा काढला, मग पुन्हा आंब्यावर आले. मोतीलालभाऊ मान हलवत होते, पण चहाची कपबशी त्यांच्या हातात तशीच होती. शेवटी त्यांनी ती खाली ठेवली.

"गुणाकरभाऊ, मी खेड्यातला माणूस हाओ. पोटात एक आन् ओठात एक, मले जमत नाई. मुहूर्ताच्या आधी दोन शब्द बोलू का?"

"बोला ना जी."

"आमच्या तिकडे लोक काहीबाही बोलून राह्यले. त्या रशियाच्या गोष्टीपासून. मी काई समजणारा माणूस नाई. मले एकच सांगा. पोरगा त्या भट्टीच्या आत जाते का?"

"छे छे!" गुणाकरराव हसले. "टेबलाचं काम हाये. स्टोअर. आतल्या लोकायचा आन् त्याचा काई संबंध नाई."

मोतीलालभाऊंनी वळून आतल्या दाराशी उभ्या असलेल्या कालिंदीकडे पाहिलं. पुरुषाच्या बोलण्यावर बाईकडून शिक्का हवा असतो, तसं. कालिंदीला जेवढं कालपासून माहीत होतं तेवढ्यावर ती म्हणाली, "लिहा-पढीचं काम हाये, भाऊ. आतमधी नाई जात तो."

मोतीलालभाऊंनी सुस्कारा सोडला. त्यांची बायको पदर सावरून नीट बसली. ओटीच्या ताटाकडे हात जाणार, एवढ्यात साधना बोलली. खाली मान घालून बसलेल्या मुलीनं मान वर केली होती, आणि ती थेट नंदकिशोरला विचारत होती. आपल्या गावाकडच्या मुली कॉलेजात बोलतात तशा हिंदीत.

"आप पहले से ही स्टोअर में हैं?"

"साधना!" तिची आई पुटपुटली.

नंदकिशोर सरळ होऊन बसला.

"नाही," तो म्हणाला. "मागच्या पावसाळ्यापर्यंत आतच होतो."

"नंदू," गुणाकरराव म्हणाले. नुसतं नाव. पण कचेरीतल्या शिपायाला हाक मारावी तसं.

"बाबूजी, त्यांनी विचारलं आहे." मग तो मोतीलालभाऊंकडे वळला. "आत एका पाइपचा जोड गळाला होता. पाणी खाली पडलं. ते साधं पाणी नसते, भट्टीतून फिरून आलेलं असते. ते पुसून काढाले माणसं आत पाठवली. जास्त वेळ थांबता येत नाही, म्हणून पाळी-पाळीनं. छातीवर एक बिल्ला लावून देतात, अंगाले किती लागलं ते त्याच्यावरून कळते. माझ्या पाळीले जोड बसेना. मी थांबलो. जोड बसवला आन् मंगच बाहेर आलो. त्यानंतर मले आत जाऊ देत नाहीत. म्हणून स्टोअर."

"म्हणजे किती लागलं?" मधुकरांनी विचारलं.

"पाह्यजे त्याच्यापेक्षा जास्त. नेमकं सांगितलं नाही. म्हणाले, काळजीसारखं काही नाही, आन् बाहेर बोलू नको."

मोतीलालभाऊंनी आपल्या तळहातांकडे पाहिलं. जे विचारायचं होतं ते मुलीसमोर कसं विचारावं, याची त्यांना लाज वाटत असावी. "मंग पुढं... लग्न झाल्यावर... घर-संसार... लेकरं..."

"डॉक्टर म्हणतात काही होत नाही. मले माहीत नाही, काकाजी. तुमाले छातीठोक हौ म्हटलं तं ते खोटं होईल."

मुहूर्त भिंतीवरच्या घड्याळात येऊन गेला. मोतीलालभाऊ उठले आणि त्यांनी हात जोडले. "गुणाकरभाऊ, तुमच्या पोराले मी नाव ठेवत नाई. तो खरं बोलला. पण मी बाप हाओ." त्यांचे नातेवाईक चपला शोधू लागले.

तेव्हा साधनाच वडिलांना म्हणाली, "बाबूजी, जेवून जाऊ. काकीनं सकाळपासून रांधलं आहे."

म्हणून ते जेवण झालं. कालिंदीनं आयुष्यात अनेक पंगती वाढल्या होत्या, मयताच्यासुद्धा; पण अशी पंगत तिला माहीत नव्हती. आमरस वाढला तर कोणी "पुरे" म्हणेना आणि कोणी "वाढा" म्हणेना. पुऱ्या थंड झाल्या. मोतीलालभाऊंनी ताटातलं सगळं संपवलं, शिक्षा भोगल्यासारखं. साधना आपलं ताट उचलून स्वयंपाकघरात आली, मोरीशी ठेवलं आणि कालिंदीच्या पाया पडली.

"मला विचारलं असतं तर मी थांबले असते, नातं मोडलं नसतं," ती हळूच म्हणाली. "पण मला कोणी विचारलंच नाही, काकी." आणि कालिंदीला काही सुचायच्या आत ती बाहेर गेली.

जीप रस्त्याला लागेपर्यंत गुणाकरराव दारात उभे होते. मग त्यांनी ओटीचं ताट उचललं आणि जमिनीवर आपटलं. सुपारी, हळकुंडं, खडीसाखर खोलीभर झाली.

"हरिश्चंद्र जन्माले आला माह्या घरी! आता अलकीले कोण करीन? गावभर होईन, या घरातल्या पोराले रोग हाये म्हणून!"

"मला मध्ये घेऊ नका," अलकनंदा दारातून म्हणाली.

"रोग नाही, बाबूजी."

"तुलेच माहीत नाई म्हणतो ना? मंग काहून तोंड उघडलं?"

"अजून उघडायचं आहे," नंदकिशोर म्हणाला. "मी त्याच्यासाठीच आलो. दिल्लीहून समिती येऊन राह्यली. रशियाच्या गोष्टीनंतर सगळ्याच केंद्रांची तपासणी आहे. ज्याला काही सांगायचं असेल त्यानं नाव द्यावं, असं आलं आहे. मी नाव दिलं."

मधुकर इतका वेळ कोपऱ्यात उभे होते. ते येऊन पुतण्याच्या शेजारी बसले, खांद्यावर हात ठेवला. त्यांचा स्वर मायेचा होता आणि कालिंदीला पहिल्यांदा बरं वाटलं; हे काढतील काहीतरी मार्ग.

"देख नंदू, तुझ्या अंगाला लागलेल्या डोसबद्दल बोलायचं तर बोल. आपण भरपाईचं पाहू, इलाजाचं पाहू. मी स्वतः कोणाशी तरी बोलतो."

"डोसबद्दल नाही, काकाजी. गावाबद्दल."

"कोणत्या गावाबद्दल?"

मग नंदकिशोरनं जे सांगितलं ते त्यानं आधी कोणालाच सांगितलं नव्हतं, हे कालिंदीला त्याच्या अडखळण्यावरूनच कळलं. रशियाची बातमी आल्यावर वरून हुकूम आला की केंद्राभोवतालच्या गावांचा सराव करा. अपघात झाला तर लोकांना हलवायचं कसं, ते तपासा. इतक्या वर्षांत तसं कधी झालंच नव्हतं. पण गावाला काय सांगायचं? खरं सांगितलं तर घबराट होईल. मग कोणाच्या तरी डोक्यातून निघालं की पुराचा सराव म्हणून सांगू. वर धरण आहेच. धरणाचे दरवाजे उघडले, गावात पाणी शिरतंय, असं समजा.

"मे महिन्यात?" अलकनंदानं विचारलं.

"मे महिन्यात. नदीत वाळूशिवाय काही नव्हतं. मी ट्रक मोजाले होतो. लोक हसत हसत बसले. पोरं म्हणत, जत्रा आहे. एक म्हातारी मले विचारे, बेटा, पानी किधर से आएगा? मी बोट दाखवलं नदीकडं. आणि सरावाआधी त्यांना शिकवलं काय? भोंगा वाजला आन् ट्रक नाही आला, तं छपरावर चढा. उंच जागी जा. मोकळ्यावर थांबा. काकाजी, खरंच केंद्रात काही झालं तं घरात जाऊन दारं-खिडक्या लावून घ्यायच्या असतात. अंगावर, अन्नावर, पाण्यावर काही पडू द्यायचं नसते. आम्ही त्यांना उलटं शिकवून आलो. उद्या भोंगा वाजला तं ते लेकरं घेऊन छपरावर चढतील. माझ्या सांगण्यावरून."

मधुकरांनी खांद्यावरचा हात काढून घेतला.

"हे समितीपुढं सांगायचं नाही."

"काहून?"

"कारण तुझ्या खात्याला गुपिताचा कायदा लागतो. नोकरी तर जाईलच, वर खटला. आणि तू समजतोस ते कोणी मुद्दाम केलं? अरे, घबराटीत माणसं चेंगरून मरतात. लोकांना घाबरवायचं नाही, हे धोरण असतं. आम्हीसुद्धा गॅसनंतर..." ते अडखळले. "सरकार असंच चालतं. विचारतील तेवढ्याचं उत्तर दे. न विचारलेलं बोलू नको."

"ऐकलं?" गुणाकरराव म्हणाले. "बस. विषय संपला."

खिडकीपाशी खोकला उठला. सगळे थांबले, सवयीनं. खोकला लांबला. कालिंदीनं पाणी नेऊन दिलं. प्रेमलतेनं दोन घोट घेतले, पेला मांडीवर धरला, आणि या वेळी बोलणं दुसऱ्या कोणी सुरू करायच्या आत तीच बोलली.

"आमी वाऱ्यासंगच पळालो होतो."

"प्रेमा, आता ते कशाला," मधुकर म्हणाले.

"तुमी दौऱ्यावर होते. तुमाले काय माहीत?" ती नवऱ्याकडे पाहत नव्हती. "दारातून बाहेर निघालो तं सगळे जिकडे पळून राह्यले तिकडंच आमीबी. गॅसबी तिकडंच चालला होता. शेजारची बाई माह्या हाताले धरून होती. मागं वळून पाह्यलं तं हात होता, बाई खाली बसली होती. मंग दवाखान्यात एक डॉक्टर म्हणे, तोंडावर ओलं फडकं धरून घरातच राह्यले असते तं इतकं झालं नसतं. ओलं फडकं! माह्या मोरीत पाण्याचा पिंप भरून होता." तिनं दम घेतला. "हे आधी सांगाले किती वेळ लागला असता? कोण घाबरलं असतं? मी घाबरली असती. घाबरली असती आन् धडधाकट राह्यली असती."

तीस वर्षं सरकारी भाषा लिहिलेले मधुकर खालच्या सुपाऱ्या वेचू लागले, एक एक करून ताटात टाकू लागले.

"तू जा रे नंदू," प्रेमलता म्हणाली. "जेलात टाकतील तं मी येईन डबा घेऊन."

"डबा घेऊन येईन म्हणते!" गुणाकरराव उसळले. "नोकरी याची जाऊन राह्यली. हे घर कोणाच्या भरवशावर हाये? मी सांगतो, हा समितीसमोर गेला तं या घराची पायरी चढायची नाई."

हे वाक्य बोलताना त्यांनी कालिंदीकडे पाहिलं. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनी जे जे ठरवलं त्यावर ती "हौ" म्हणत आली होती. कधी मनापासून, बरेचदा तशीच. ती खोलीच्या मधोमध उभी होती, पायाखाली खडीसाखर चरचरत होती. तिला नंदकिशोरच्या ढगळ सदऱ्याखालचं हाड दिसत होतं. तिला साधी भीती वाटत होती. जेलाची नाही, रशियाचीही नाही, या पोराला दुपारचं जेवण कोण वाढेल याची.

"तो जाईन," ती म्हणाली. "आन् मी त्याच्यासंग जाईन."

"काय?"

"त्याले पाह्यलं का तुमी? अंगात काई राह्यलं नाई त्याच्या. एकटा नाई पाठवत मी त्याले."

"आन् इथं?"

"इथं अलका हाये. तुमी हाव." ती खाली वाकली आणि दिरासोबत हळकुंडं गोळा करू लागली, म्हणजे नवऱ्याचा चेहरा बघायला लागू नये.

निघायच्या दिवशी स्टेशनावर मधुकर आले, अलकनंदा आली. गुणाकरराव आले नाहीत. ते रामपायलीला देवदर्शनाला गेले होते, असं नंतर कळलं. एरवी ते तिथं वर्षातून एकदाच, कार्तिकात जात.

समितीचं कामकाज केंद्राच्या पाहुणेघरात, बंद दारामागे झालं. पावसाळा लागला होता. कालिंदी बाहेरच्या व्हरांड्यात बसून राहिली. आत तिच्या मुलाचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. एकदा कोणीतरी जोरात बोललं. तो बाहेर आला तेव्हा त्याच्या कपाळावर घाम होता.

"काय म्हणाले?"

"एक म्हातारे साहेब होते. त्यांनी पुन्हा पुन्हा छपराचंच विचारलं. बाकीचे माझ्याकडे पाहत नव्हते."

निलंबनाचा कागद आठवड्याच्या आत आला. कारण दिलं होतं गैरशिस्त. खटला मात्र झाला नाही. मधुकरांनी कुठं शब्द टाकला की सरकारलाच तो नको होता, हे कधी कळलं नाही. क्वार्टर सोडावं लागलं. कॉलनीतल्या बाया, ज्या पहिल्या दिवशी कालिंदीकडे विरजण मागायला आल्या होत्या, तिला पाहिलं की दार लोटून घेत. त्यांचेही नवरे आतच जात होते. तिला त्यांचा राग येत नसे. नंदकिशोरनं केंद्राजवळच्याच त्या गावात, जिथं त्यानं ट्रक मोजले होते, एक खोली भाड्यानं घेतली. दूर जायला तो तयार होईना.

थंडीत त्याला ताप येऊ लागला. येई, उतरे, परत येई. तालुक्याच्या डॉक्टरनं रक्त तपासलं आणि पांढऱ्या पेशी कमी आहेत म्हणाला. कशानं, ते त्याला सांगता येईना. "बुखार से भी होता है," तो म्हणाला, आणि जरा थांबून, "और चीज़ों से भी." कालिंदीनं त्या दिवसापासून मुलाला काहीही विचारणं सोडून दिलं. ती फक्त त्याच्या ताटाकडे बघे.

बालाघाटहून पत्र येत नव्हतं. नवं धान निघालं तेव्हा मात्र चिन्नोर तांदळाचं एक पोतं आलं, मालमोटारीनं. पाठवणाऱ्याचं नाव गुणाकररावांच्या वळणदार अक्षरात होतं. बाकी एक शब्द नव्हता. कालिंदीनं तो तांदूळ शिजवला आणि खोलीभर त्याचा वास पसरला तेव्हा तिला पहिल्यांदा रडू आलं.

आणि मग, वर्ष सरता सरता, हुकूम आला. अणुवीज केंद्रांच्या आसपासच्या गावांना धोका काय आहे ते त्यांच्या भाषेत, स्पष्ट शब्दांत सांगावं. सराव उघडपणे करावा. गावोगावी कायमचे भोंगे बसवावेत. किरणांपासून बचावासाठी आयोडीनच्या गोळ्यांचा साठा ठेवावा. तहसीलदारांनी तो चावडीवर वाचून दाखवला. नंदकिशोरचं नाव त्यात कुठंच नव्हतं. ते असेल असं त्यालाही वाटलं नव्हतं.

गावाला आनंद वगैरे काही झाला नाही. समितीपुढं छपराची गोष्ट कोणी काढली ते एव्हाना सगळ्यांना ठाऊक होतं. दुसऱ्याच दिवशी चार बाप्ये खोलीच्या दाराशी आले. तुझ्यामुळं आता आमच्या गावात कोणी पोरगी देणार नाही, त्यातला एक म्हणाला. कालपर्यंत सुखानं झोपत होतो. नंदकिशोरनं त्यांना आत या म्हटलं. ते आत आले नाहीत. नंतर कित्येक दिवस हापशावर कालिंदीचा हंडा आला की बाया बाजूला होत. इथं पुन्हा तेच, तिच्या मनात आलं.

संक्रांतीनंतर सराव झाला, खरा. भोंगा वाजला तो असा की कालिंदीच्या हातातली परात निसटली. लाउडस्पीकरवरून हिंदीत सांगत होते: केंद्रातून विषारी किरणं निघाली आहेत असं समजा, तोंड झाकून घ्या, गाडी येईपर्यंत घराबाहेर पडू नका. मेच्या वेळी पोरं हसली होती, असं नंदकिशोर म्हणायचा. या वेळी कोणी हसलं नाही. बायांनी लेकरं उचलली ती खरोखरच्या भीतीनं. समोरच्या घरातली सून दार लावून आत रडत होती. ट्रक आले आणि माणसं त्यात मुकाट चढू लागली. कालिंदी पदर नाकावर धरून चढली. नंदकिशोर अंगात ताप असतानाही खाली उभा राहून म्हाताऱ्यांना हात देत होता. तहसीलदारांना ते आवडलं नव्हतं, पण गावातले लोक त्याच्याच हाताला धरून चढत होते.

एकच माणूस चढेना. फकिरा नावाचा म्हातारा, गावाच्या टोकाला राहणारा. तो आपल्या दाराच्या चौकटीत बसून होता. तहसीलदार स्वतः त्याच्याकडे गेले.

"चलो बाबा, बैठो. शाम तक वापस छोड़ देंगे."

"आज छोड़ दोगे," फकिरा म्हणाला. "जिस दिन सच में होगा, उस दिन छोड़ोगे?"

तहसीलदारांनी घड्याळात पाहिलं. मागच्या कारकुनाकडे पाहिलं. "पहले बैठो तो सही. देर हो रही है."

"पूछ रहा हूँ, साहब. घर वापस मिलेगा?"

ट्रकचं इंजिन घरघरत होतं. सगळा ट्रक ऐकत होता. कालिंदीनं पाहिलं, नंदकिशोर ट्रकापासून निघाला आणि सावकाश, दम खात, त्या घराशी गेला. तो म्हाताऱ्यासमोर जमिनीवर उकिडवा बसला.

"नहीं मिलेगा, बाबा," तो म्हणाला. "वहाँ रूस में नौ महीने हो गए, किसी को नहीं मिला. सच में हुआ तो यह घर, यह खेत, सब छूट जाएगा. जान बचेगी. उतना ही है."

फकिरा नंदकिशोरकडे पाहत राहिला. मग त्याच्या खांद्याचा आधार घेऊन उठला. घराच्या मागे गेला. कोणी त्याला हटकलं नाही. परत आला तेव्हा त्याच्यामागे त्याची म्हैस होती, दाव्याशिवाय. त्यानं तिला सोडून दिलं होतं. ती वाटेतच थांबून कुंपणाचा पाला खाऊ लागली. त्यानं तिच्या पाठीवरून एकदा हात फिरवला, दार ओढून घेतलं, कडी लावली नाही, आणि ट्रकाशी आला.

कालिंदीनं वाकून त्याला हात दिला. हात खरखरीत होता. तो तिच्या शेजारी फळीवर बसला. खाली नंदकिशोरनं मागची फळी लावली, ट्रकाच्या अंगावर दोन थापा मारल्या, आणि ट्रक हलला.

"आपका बेटा है?" काही वेळानं फकिरानं विचारलं.

"हौ," कालिंदी म्हणाली.

म्हाताऱ्यानं मान हलवली. मागे रस्त्यावर नंदकिशोर दुसऱ्या ट्रकाची वाट पाहत उभा होता. उन्हं चढली होती तरी त्यानं अंगाभोवती शाल घट्ट ओढून धरली होती. तो धुळीत दिसेनासा होईपर्यंत कालिंदी तिकडंच बघत राहिली.